भरती-ओहोटी बघून सुट्टी आखावी का? (किनाऱ्यावरचे प्राणी-पक्षी बघण्याबद्दल)

ओलेपाय (धागाकर्ता)

गेल्या सुट्टीत समुद्रावर गेलो होतो आणि डॉल्फिन बघायचेच म्हणून सकाळी सातला बोटीत बसलो. कुठला किनारा ते सांगत नाही, कारण जे झालं ते कुठेही झालं असतं. लांबवर एक पाठ दिसली. आमची बोट तिकडे सुसाट, मागोमाग आणखी सहा बोटी. पाठ बुडाली आणि उजवीकडे वर आली, की सगळा ताफा उजवीकडे. पाऊण तास हेच. एकूण डॉल्फिन दिसला असेल तो सहा सेकंद, त्यातले चार मी मोबाइलच्या पडद्यावर बघितले. डिझेलच्या वासाने मुलाला उलटी झाली. धाकटीने परतताना विचारलं, "तो आपल्यावर रागावला होता का?"

गंमत पुढेच आहे. गाडी यायला वेळ होता म्हणून धक्क्याच्या पायरीवर टेकलो. ओहोटी होती. पायरीखालच्या ओल्या वाळूत शर्टाच्या बटणाएवढा एक खेकडा काहीतरी करत होता. दोन्ही नांग्यांनी वाळू उचलून तोंडाशी न्यायची, क्षणभर चाळवायची, मग तोंडापाशी वाळूची एक गोळी तयार व्हायची. ती पायांनी मागे ढकलून हा एक पाऊल पुढे. बिळापासून सरळ रेघेत बाहेर जायचा, परत यायचा आणि दुसऱ्या दिशेने नवी रेघ धरायचा. बघता बघता बिळाभोवती किरणांसारखी रांगोळी झाली. माझी सावली पडली की गडप. मी मागे सरकलो की दीड-दोन मिनिटांनी परत हजर. आम्ही चौघं पंचवीस मिनिटं तिथून हललो नाही. अख्ख्या सुट्टीत सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

आता पुन्हा चार दिवस किनाऱ्यावर जातोय. बरोबर मुलं (११ आणि ६) आणि आई (७२, गुडघे दुखतात). या वेळी पाठलाग नको. कधी जावं, कुठे बसावं, बरोबर काय न्यावं आणि काय करू नये, जाणकारांनी सांगा.

नांगर

तुमचा तो बटणाएवढा म्हणजे सँड बबलर क्रॅब. वाळूच्या कणांना चिकटलेले सूक्ष्म जीव आणि सेंद्रिय कण तो चाळून खातो आणि उरलेल्या वाळूची गोळी टाकून देतो. रेघांमधून बिळाकडे जायची एक वाट मोकळी ठेवतो, पळता यावं म्हणून. भरती आली की रांगोळी पुसली जाते, पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून.

आता मुद्द्याचं. हॉटेल, गाडी, दुर्बीण सगळं नंतर. आधी त्या चार दिवसांचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढा आणि दिवस त्यावर बेता. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या असतात आणि रोज त्या साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकतात. म्हणजे आज सकाळी आठला ओहोटी असेल तर चौथ्या दिवशी ती साडेदहाला. "रोज सकाळी नाश्ता करून समुद्रावर" हा कार्यक्रम म्हणूनच फसतो. पहिल्या दिवशी खडक उघडे मिळतात आणि चौथ्या दिवशी तिथे नुसतं पाणी.

खडकांमधल्या डबक्यांत बघायचं असेल तर पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोचा आणि उतरत्या पाण्याबरोबर खाली जा. पाणी फिरलं की तुम्हीही फिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतंही. एरवी पाण्याखाली असलेले खडक तेव्हाच उघडे पडतात. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी धड चढत नाही की उतरत नाही. तारखा हातात असतील तर उधाणाच्या घ्या.

आणि मुलं बरोबर आहेत म्हणून हे पाठच करा. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. "आत्ता तर लांब होतं" म्हणणारे लोक याच दोन तासांत खडकावर अडकतात.

जुना खलाशी

नांगर यांनी चांगलं सांगितलं. वेळापत्रक हाताशी नसेल तर जुनं गणित आहे. ज्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेला साधारण बाराला भरती असते, तिथे तिथीची पाऊणपट करायची. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला भरती. सव्वासहा तास मागे-पुढे ओहोटी. दुसऱ्या किनाऱ्यावर गेलात तर तिथे पौर्णिमेला किती वाजता भरती येते ते एकदा विचारून घ्या आणि बाराऐवजी तिथून मोजा. अंदाजाला पुरतं. खडकावर उतरायला मात्र छापील वेळच बघा. माझा विश्वास तिथीवर आहे, नातवंडांच्या बाबतीत नाही.

उगाचच

वाखु (वाचनखूण) साठवली. पंचांगाचा असा उपयोग पहिल्यांदाच कळला.

एक शंका: काही समुद्रांना भरती जाणवतच नाही म्हणतात, ते खरं का?

नांगर

खरं. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी फरक अगदी किरकोळ असतो. मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती. उलट कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाणी १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं, पाच मजली इमारतीएवढं. म्हणून कुठेही गेलात तरी आधी तिथलं पाणी कसं वागतं ते विचारा.

दुर्बीणवाली

पक्ष्यांसाठी वरचा सल्ला उलटा करा. ओहोटीला पक्षी चिखलभर पसरलेले असतात, पाऊण किलोमीटर लांब, उन्हात थरथरणारे ठिपके. भरतीचं पाणी जसं चढतं तसं ते त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं. तेव्हा भरतीच्या आधीचे दोन तास एका जागी बसायचं, सूर्य पाठीशी ठेवून. तुम्ही जायचं नाही, पाणी त्यांना आणतं. आईंच्या गुडघ्यांनाही हेच सोयीचं. घडीची खुर्ची, टोपी, पाणी, बस. खरं तर तुमच्या घरातली सगळ्यात चांगली निरीक्षक आईच ठरेल, कारण तीच हलणार नाही.

बसल्यावर सगळं ओळखायच्या मागे लागू नका. आधी चोची बघा. एकाच चिखलात चिखल्याची चोच आखूड, तुतारीची मध्यम, कर्ल्यूची खूप लांब आणि खाली वळलेली. ज्याची चोच जेवढी लांब तेवढ्या खोलवरचं त्याचं भक्ष्य. एका ताटात जेवतात पण वाढप वेगवेगळं. चालही बघा. चिखल्या डोळ्यांनी शोधतो, म्हणून चार पावलं पळतो, थबकतो, टोचतो, पुन्हा पळतो. लांब चोचीवाले स्पर्शाने शोधतात, म्हणून शिवणयंत्राच्या सुईसारखे सलग टोचत जातात. एवढं दिसायला लागलं की नाव नाही कळलं तरी काही बिघडत नाही.

हे पक्षी विश्रांती घेत असतील तेव्हा उडवू नका. मुलांना थव्यात पळत जायला आवडतं, आईबाप फोटो काढतात, मला तो फोटो बघवत नाही. त्यातले बरेच हजारो किलोमीटर उडून आलेले असतात. २०२२ साली अलास्काहून निघालेलं गॉडविटचं एक पिल्लू, वय जेमतेम पाच महिने, अकरा दिवस न थांबता उडून टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर, अंगावरच्या ट्रान्समीटरमुळे मोजता आलं. गॉडविट पाण्यावर बसून दम खाऊ शकत नाही. असा पक्षी उतरल्यावर त्याला एकच काम असतं, खाणं आणि चरबी साठवणं. युरोपातल्या वाडन समुद्राच्या चिखलावर दरवर्षी एक कोटीहून जास्त स्थलांतरित पक्षी थांबतात, ते याचसाठी. तुमच्या पळण्याने थवा एकदा उठला तर काही आभाळ कोसळत नाही, पण दिवसभरात तुमच्यासारखे चाळीस जण येतात.

दुर्बीण ८×४२ घ्या. १० पट मोहात पाडते, पण वाऱ्यात हात हलतो आणि मुलांना पक्षी सापडतच नाही. काचेवर खारे तुषार उडाले तर कोरड्या फडक्याने पुसू नका, मीठ घासलं जाऊन चरे पडतात. आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं फडकं, मग कोरडं.

स्पष्टच

सगळं छान, पण जरा जास्तच होतंय. माणूस वर्षातून चार दिवस जातो. त्याने खुर्ची टाकून चिखलातली टोचाटोची बघायची? डॉल्फिन बघायला बोटीतच जावं लागतं. बोटवाल्यांचं पोट त्यावर आहे. पर्यटक गेलेच नाहीत तर त्या प्राण्यांचं रक्षण करायला कोण पुढे येणार? थोडी अपराधी भावना कमी करा आणि मजा करा.

पाचोळा

स्पष्टच, बोटीत जाऊ नका असं वर कोणीच म्हटलेलं नाही. प्रश्न पाठलागाचा आहे.

एक उदाहरण देतो. स्पिनर डॉल्फिन रात्री खोल समुद्रात शिकार करतात आणि दिवसा उथळ, शांत खाडीत येऊन झोपतात. झोपतात म्हणजे मेंदूचा अर्धा भाग जागा ठेवून संथ पोहत राहतात, कारण श्वास घ्यायला वर यावंच लागतं. पर्यटकांच्या बोटी नेमक्या सकाळी त्याच खाडीत जातात. आपल्याला वाटतं शांत कळप छान जवळ मिळाला. तो दमून झोपलेला असतो. हवाईमध्ये यामुळेच २०२१ पासून नियम आहे: किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात स्पिनर डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या आत जायचं नाही, ना बोटीने ना पोहून. उत्तर अटलांटिकमधल्या राइट व्हेलसाठी अमेरिकेत हे अंतर ५०० यार्ड आहे. जिथे असा लेखी नियम नाही तिथे प्राण्याकडे बघून कळतं. कळप दिशा बदलायला लागला, बुडी लांबायला लागली, पिल्लू मध्ये घ्यायला लागले, म्हणजे तुम्ही नको आहात.

स्पष्टच

बरं. मग बोटवाल्याला नेमकं सांगायचं काय? तो म्हणणार, साहेब काळजी नको, अगदी जवळ नेतो.

पाचोळा

हा प्रश्न खरा कामाचा. बोटीत बसण्यापूर्वी सांगायचं, नंतर नाही: "डॉल्फिन दिसला नाही तरी ठरलेले पूर्ण पैसे देणार. पण पाठलाग करायचा नाही." तो इंजिन तापवत सुटतो ते हौसेने नाही. गिऱ्हाईक काही न दिसता परत आलं तर कटकट करतं, हा त्याचा अनुभव असतो. ती भीती काढली की बहुतेक बोटवाले खूश होतात, डिझेलही वाचतं. मग कळप दिसला की वेग कमी, समोरून आडवं जायचं नाही, मागे लागायचं नाही, बाजूने समांतर चालत राहायचं. आधीच दोन-तीन बोटी असतील तर आपण लांब थांबायचं. दहा-पंधरा मिनिटं झाली की निघायचं. मी असं केलं तेव्हा इंजिन बंद करून बसलो होतो आणि डॉल्फिन स्वतःच बोटीखालून गेले. वर आल्यावर त्यांचा श्वास ऐकू आला. फुस्स करून, ओल्या कापडातून हवा सोडावी तसा. दर वेळी असं होईल असं मात्र नाही. तीनदा गेलो, एकदा दिसले.

स्पष्टच

पैशांची युक्ती पटली. बाकीचं बघू.

मंद दिवा

इथे एक कबुली देऊन टाकते. काही वर्षांपूर्वी रात्री जेवणानंतर किनाऱ्यावर फिरत होतो. पायाशी काहीतरी हललं. बघते तर कासवाची पिल्लं, तळहाताच्या खळग्यात मावतील एवढी, पंधरा-वीस तरी. समुद्र एका बाजूला आणि ही चालली होती उलट, राहण्याच्या जागेच्या दिव्यांकडे. आम्ही घाबरून मोबाइलचे टॉर्च लावले, उचलून उचलून पाण्यात सोडली आणि पुण्य केल्यासारखं वाटून घेतलं. सोडलेली काही पिल्लं लाटेने परत आली आणि आमच्याच टॉर्चकडे वळली. तरी आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तेवढ्यात कासवांचं काम करणारा एक मुलगा धावत आला आणि म्हणाला, "आधी ते दिवे बंद करा."

नंतर त्याने समजावलं. पिल्लू अंधारात वर येतं आणि जिकडे क्षितिज उजळ आणि खुलं तिकडे जातं. निसर्गात तो समुद्र असतो. आपण किनाऱ्यावर दिवे लावले की त्याची दिशाच चुकते. आम्ही वाचवत होतो म्हणजे एका दिव्याकडून काढून दुसऱ्या दिव्याकडे नेत होतो. करायला हवं होतं ते एवढंच: टॉर्च बंद, राहण्याच्या जागेचे बाहेरचे दिवे मालवायला सांगणं, तिथल्या वनखात्याला किंवा कासवमित्रांना कळवणं आणि बाजूला उभं राहणं.

अंडी घालायला आलेली मादी दिसली तर तेच. ती पाण्यातून वर येताना सर्वात बिचकते. हालचाल किंवा प्रकाश दिसला तर अंडी न घालता परत जाते. जागच्या जागी थांबायचं, फ्लॅश नाही, समोर जायचं नाही.

आणि एक गोष्ट ओलेपाय यांच्या मुलांसाठी. वाळूचे किल्ले आणि खड्डे निघताना मोडून सपाट करा. मोठ्या माणसाच्या पावलाचा खोल ठसासुद्धा त्या पिल्लाला विहिरीसारखा असतो, गुडघाभर खड्डा तर संपलंच.

ओलेपाय

मंद दिवा, तुम्ही हे लिहिलंत म्हणून आभार. आम्हीही हेच केलं असतं, शंभर टक्के. किल्ला मोडायचं काम मुलाला आत्ताच आवडलंय.

तीनप्रहर

मंद दिवा यांच्यासारखाच घोळ सीलच्या बाबतीत होतो. थंड देशांच्या किनाऱ्यावर सीलचं पिल्लू एकटंच पडलेलं दिसतं आणि लोक कळवळतात. बरेचदा आई शिकारीला गेलेली असते आणि ती परत येणार असते. माणसांचा घोळका बघून ती पाण्यातच घुटमळते. त्याला पाण्यात ढकलायचं नाही, ओलं करायचं नाही, चादर पांघरायची नाही. लांब जाऊन स्थानिक बचाव पथकाला फोन करायचा, ठरवू दे त्यांना. मोठा सील मान उचलून तुमच्याकडे बघायला लागला म्हणजे तुम्ही आधीच जास्त जवळ आहात.

शिंपलीवेडी

माझी कहाणी कमी करुण आणि जास्त वासाची आहे.

लहानपणी सुट्टीवरून निघताना एक सुंदर शंख उचलला, पिशवीत तळाशी ठेवला. तिसऱ्या दिवशी घरात असा वास की आईने सगळी कपाटं रिकामी केली. आत हर्मिट क्रॅब होता. मी त्याला घरासकट पळवून आणला होता.

आता मी फक्त बघते. आणि बघण्यासारखं खूप असतं. या खेकड्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. किनाऱ्यावर राहणाऱ्या जातींमध्ये तर मोठा शंख सापडला की बाकीचे जमतात आणि आकारानुसार चक्क रांग लावतात. पहिला नव्या घरात शिरला की दुसरा त्याच्या जुन्यात, तिसरा दुसऱ्याच्या, असे एका दमात सगळे घरं बदलतात. आपण वेचून नेलेला प्रत्येक चांगला शंख त्या रांगेतून कमी होतो. शिवाय जिवंत शंखांत शंकूच्या आकाराचा, नक्षीदार कोन स्नेल असतो. त्याचा विषारी दंश माणसाला मारू शकतो. उष्ण समुद्रात अनोळखी शंख हातात घेऊच नये, खिशात तर नाहीच.

डबक्यात बघताना मात्र तुम्ही सावली पाडू नका आणि पहिली पाच मिनिटं डबकं रिकामं आहे असं समजू नका. आधी काहीच नसतं. मग खडकाचाच एक तुकडा सरकतो आणि तो मासा निघतो. समुद्रफुलं मिटलेली असतील तर लालसर जेलीचे थेंब वाटतात, पाणी आलं की उमलतात. खडकाला चिकटलेली टोपीसारखी लिंपेट दिसेल. ती भरतीत शेवाळ खरवडत फिरते आणि ओहोटीपूर्वी आपल्या नेमक्या जागेवर परत येऊन बसते. तिच्या कवचाची कड त्या खडकाच्या खळग्यात फिट बसलेली असते. म्हणून ती उपटून "बघून परत ठेवली" तरी ती घरी पोचलेली नसते. दगड उलटून बघितला तर होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात.

उगाचच

अवांतर: किनाऱ्यावरच्या सगळ्या पांढऱ्या पक्ष्यांना लोक सीगल म्हणतात, त्याचं काय करायचं?

दुर्बीणवाली

काही करायचं नाही, हसायचं. पण मराठीत सुंदर नावं असताना वापरावीत. कुरव म्हणजे गल, जाडसर, आरामात तरंगणारा. सुरय म्हणजे टर्न, निमुळते पंख, बहुधा दुभंगलेली शेपूट, हवेत थांबून सूर मारणारा. सुरय तुमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागला, सूर मारून अंगावर आला, तर तो खेळत नाहीये. त्याची अंडी तुमच्या पायांजवळ आहेत. वाळूवर उघडीच घालतो, ठिपक्याठिपक्यांची, शेजारच्या गोट्यांसारखी. तेव्हा पुढे पाऊल टाकू नका. खाली बघत, आलात त्याच पावलांवर मागे फिरा. चिखल्या तर पंख मोडल्याचं नाटक करत तुम्हाला घरट्यापासून लांब नेतो. लोक त्याला वाचवायला मागे धावतात!

आणि ड्रोन नको. पक्ष्यांना तो शिकारी वाटतो, अख्खी वसाहत उठते.

नांगर

सुरक्षेचं थोडं राहिलं, मग मी गप्प.

उथळ, गढूळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, तळावरून घासत सरकवा. वाळूत पाकट (चपटा मासा, स्टिंग रे) पुरून बसलेलं असतं. पायाचा धक्का बाजूने लागला तर ते निघून जातं, वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. किनाऱ्यावर निळसर फुगा आणि खाली निळी दोरी दिसली तर ती ब्लूबॉटल, जेलीफिशसारखा विषारी जीव. मेलेली, वाळलेली दिसली तरी डंख मारते. काठीनेसुद्धा मुलांना खेळू देऊ नका. लागलंच तर चोळायचं नाही, वाळू घासायची नाही. समुद्राच्या पाण्याने धुऊन तंतू चिमट्याने काढायचे आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं तो भाग ठेवायचा. पाकटाच्या काट्यालाही गरम पाण्यानेच वेदना उतरते, पण ती जखम डॉक्टरला दाखवायचीच. श्वास लागला, अंग सुजलं तर थेट दवाखाना.

ओलेपाय

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. जाऊन आलो.

पहिला दिवस पावसात गेला. काही दिसलं नाही, पत्ते खेळलो.

दुसऱ्या दिवशी उधाण, ओहोटी सकाळी सव्वासातला. सहाला खडकावर. मुलगा पहिल्या डबक्यापाशी दोन मिनिटांत कंटाळला, "यात काही नाहीये." शिंपलीवेडी यांचं वाक्य त्याला सांगितलं. चौथ्या मिनिटाला खडकाचा तुकडा खरंच सरकला. त्यानंतर त्याला तिथून उठवायला मलाच पाणी फिरल्याची भीती घालावी लागली.

बोट केली. पैशांचं आधीच बोललो. बोटवाले काका आधी चमकले, मग म्हणाले, "मग लवकर कशाला, निवांत निघू." डॉल्फिन दिसले नाहीत. पण परतताना त्यांनी इंजिन बंद करून एका खडकावर बसलेला समुद्री गरुड दाखवला, जो त्यांना रोज दिसतो आणि जो आजवर कोणी विचारलाच नव्हता.

आई रोज संध्याकाळी खुर्चीत. तिसऱ्या दिवशी तिने हळूच हात वर करून आम्हाला थांबवलं. तिच्या पायापासून चार हातांवर बिळातून दोन डोळे वर आलेले, दांड्यांवर, पेरिस्कोपसारखे. घोस्ट क्रॅब. आई म्हणाली, हा पाऊण तासात सातव्यांदा आलाय, तुम्ही आलात की जातो. मग आम्ही तिच्या खुर्चीमागे उकिडवे बसलो. तो पूर्ण बाहेर आला, एक डोळा खाली दुमडून खोबणीत पुसला, पुन्हा वर केला, मग दुसरा. आईने चष्मा काढून पदराला पुसला. मला हसू आवरेना, आईला ते कळलंच नाही.

एक ओळख हवी आहे. धाकटीला लाटेच्या कडेला एक छोटा, फिकट पक्षी दिसला. लाट मागे गेली की तिच्यामागे पळायचा, लाट आली की पुढे पळत यायचा, किल्लीच्या खेळण्यासारखा. फोटो नाही. पण तिने वाळूतले ठसे वहीत काढलेत: तीन बोटं पुढे, मागे काहीच नाही. काढायला विसरली का विचारलं तर चिडली.

दुर्बीणवाली

विसरली नाहीये! सँडरलिंगला मागचं बोट नसतं. पण बहुतेक चिखल्यांनाही नसतं, म्हणून नुसत्या ठशांवर शिक्का मारत नाही. तिला एवढंच विचारा: तो पळताना मध्येमध्ये थबकत होता, की लाटेबरोबर सलग पळत होता? चोच काळी होती का?

ओलेपाय

आत्ता झोपलीये. सकाळी विचारून लिहितो.